कोणी बदलले, केव्हा बदलले, का बदलले? संगणक शिकणाऱ्या मुलामुलींसाठी गिटची ओळख

२०२३ साली उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. कार्यालयांवरच्या पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, लेटरहेड बदलले. हे सगळ्यांना दिसले. न दिसलेला बदल संगणकांच्या आत होता. ज्या ज्या प्रोग्राममध्ये महाराष्ट्रातील जिल्ह्यांची यादी होती, मग तो शाळेच्या प्रवेशाचा असो की दुकानाच्या बिलांचा, तिथे कोणाला तरी फाइल उघडून एक शब्द काढून दुसरा लिहावा लागला. ऐकायला काम दोन मिनिटांचे. पण त्या यादीवर इतर अनेक गोष्टी अवलंबून असतात. एखाद्या मुलीची २०१९ ची नोंद उस्मानाबाद या नावाने साठवलेली असेल आणि नव्या यादीत ते नावच उरले नसेल, तर प्रोग्रामला तिची नोंद सापडत नाही. मग शोधाशोध सुरू होते. यादी कोणी बदलली? केव्हा? आधी नेमके काय लिहिलेले होते? मागे जाता येईल का?

चारपाच जण मिळून एखादे सॉफ्टवेअर लिहीत असतील तर असे प्रश्न रोज उभे राहतात. त्यांची उत्तरे कायमची जपून ठेवण्याच्या पद्धतीला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. त्यासाठी आज जगात सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे गिट. ते मोफत आहे आणि साध्या, जुन्या लॅपटॉपवरही चालते.

भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून आपली मुले-मुली आता बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा अशा वाटांनी जात आहेत. त्यांना जावा, पायथन शिकवले जाते. गिट मात्र अनेकांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात प्रथमच भेटते, आणि तिथे ते येतच असेल असे गृहीत धरलेले असते. त्याआधीचे नुकसान याहून मोठे आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवर चौघांची नावे असतात. काम बहुधा एकाने किंवा एकीने केलेले असते. फाइल पेन ड्राइव्हवरून या घरातून त्या घरात फिरते, 'फायनल', 'फायनल नवीन', 'सरांना दाखवलेले' अशी तिची नावे वाढत जातात, आणि परीक्षा झाली की सगळे हरवते. दोन वर्षांनी ती मुलगी पुण्यात मुलाखतीला बसली तर दाखवायला हातात काय असते? गुणपत्रिका. पुण्यात ओळखीपाळखी असलेल्याचे एखाद्या शिफारशीवर भागते. भूमच्या मुलीपाशी तिने स्वतः केलेल्या कामाची नोंद हवी.

सातबारा आणि फेरफार

गिटची पुस्तके इंग्रजीत आहेत आणि पहिल्याच पानावर घाबरवतात. पण आपल्या घरांत हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. सातबारा पाहा. आज जमीन कोणाच्या नावावर आहे, किती आहे, तिच्यावर बोजा कोणता, एवढे तो सांगतो. पण ही स्थिती कशी आली ते सातबारा सांगत नाही. त्यासाठी फेरफार काढावा लागतो. गाव नमुना सहा म्हणजे फेरफारांची नोंदवही. तिच्यात प्रत्येक बदलाला क्रमांक असतो, तारीख असते, कारण असते: खरेदी, वारस, वाटणी, बक्षीसपत्र. तलाठी नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ज्याचे नाव कमी होते तेही पुसले जात नाही, कंसात जाते. आजोबांनी ठेवलेला जुना फेरफार सापडला म्हणून आत्याचा, बहिणीचा हिस्सा मिळाला, अशी घरे आपल्या माहितीत असतील. तो सापडला नाही म्हणून गेला, अशीही असतील.

गिटमध्ये आपल्या फोल्डरमधल्या फाइली म्हणजे सातबारा, आजची स्थिती. प्रत्येक महत्त्वाच्या बदलानंतर आपण जी नोंद करतो ती म्हणजे फेरफार. गिटमध्ये तिला कमिट म्हणतात. तिच्यात बदल करणाऱ्याचे नाव, ईमेल, तारीख-वेळ आणि एका ओळीचे कारण असते. उस्मानाबादचे धाराशिव करणाऱ्याने कारण नीट लिहिले असेल, म्हणजे 'जिल्ह्याचे नाव बदलले, जुन्या नोंदींसाठी आधीचे नावही ओळखावे' असे, तर पाच वर्षांनी येणाऱ्याला सगळा उलगडा होतो. आणि जुने नाव इतिहासातून जात नाही. २०२३ च्या आधीची कोणतीही नोंद उघडली की यादी तेव्हा होती तशीच समोर येते. नाव कोणते बरोबर हा वाद माणसांचा. गिट फक्त त्या त्या दिवशी काय लिहिले होते तेवढे सांगते.

व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण तर आपल्याला नवी नाहीच. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे, लिहिणारा न्यायाने लिहिणारा असणे आणि साक्षीदार घेणे याविषयीच आहे. तिथे रक्कम लहान असो की मोठी, कंटाळा करू नये असेही बजावले आहे. कमिट करताना नेमका हाच कंटाळा येतो. 'बदल केला', 'अपडेट', 'ठीक' असे काहीतरी टाकून मुले मोकळी होतात. कारणाच्या रकान्यात तलाठ्याने नुसते 'बदल' लिहिले तर आपण ऐकून घेऊ का?

साखळी आणि रावी

मदरशात थोडे शिकलेल्यांना गिटची दुसरी बाजू चटकन कळेल. हदीसच्या मजकुराआधी सनद येते: हे अमुकाने अमुकाकडून ऐकले, त्याने तमुकाकडून. कडी तुटली की मुहद्दिस थबकतात. छापखाने नव्हते तेव्हा हाताने नक्कल केलेला ग्रंथ मूळ प्रतीशी शब्दाशब्दाने ताडून पाहण्याची रीत होती. तिला मुकाबला म्हणत. ताडणी कुठवर झाली याची खूण समासात केली जाई. विद्यार्थ्याने उस्तादांसमोर ग्रंथ वाचला की कोणी, कोणासमोर, केव्हा वाचला याची नोंदही त्या प्रतीवर होई.

गिटमधली प्रत्येक नोंद तशीच मागच्या नोंदीला बांधलेली असते. नोंद झाली की गिट तिच्यातील मजकूर, नाव, वेळ, कारण आणि मागच्या नोंदीची खूण, असे सगळे मिळून गणित करते आणि ४० चिन्हांची एक खूण काढते. मागच्या एखाद्या नोंदीत कोणी गुपचूप एक अक्षर जरी बदलले तरी तिची खूण बदलते, म्हणून पुढच्या सगळ्यांच्या खुणा बदलतात, आणि ज्यांच्याकडे आधीची प्रत आहे त्यांना फरक लगेच दिसतो. शिवाय गिटमध्ये प्रत एकाच कार्यालयात नसते. सोबत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर साधारणपणे सगळा इतिहास असतो. एकाचा लॅपटॉप पाण्यात पडला तरी दुसऱ्याकडून पूर्ण नोंदवही परत मिळते.

पण हे साम्य एका जागी संपते, आणि ती जागा महत्त्वाची आहे. मुहद्दिसांनी नुसती साखळी पाहिली नाही. साखळीतला प्रत्येक माणूस कसा होता, खरे बोलणारा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला खरोखर भेटला होता का, याचे स्वतंत्र शास्त्र उभे केले. गिट असले काही तपासत नाही. गिट बसवताना आपले नाव आपणच लिहायचे असते. तिथे कोणी शेजाऱ्याचे नाव लिहिले तर गिट मुकाट्याने तेच नाव प्रत्येक नोंदीवर टाकते. त्यासाठी नोंदीवर डिजिटल सही करण्याची सोय आहे, पण सुरुवातीला ती कोणी वापरत नाही. तेव्हा गिट साखळी सांभाळते, माणसाची पारख करत नाही. मित्राच्या लॅपटॉपवर बसून त्याच्याच नावाने काम केले तर सगळे श्रेय त्याच्या खात्यावर जमा होईल. पहिल्या दिवशी स्वतःचे नाव नीट लिहिणे हे म्हणूनच पहिले काम.

कुरआनच्या मजकुराबाबत हे सगळे अगदी प्रत्यक्षात उतरते. मोबाइलवरील कुरआनच्या अ‍ॅपमध्ये जेर-जबरची एक चूक म्हणजे केवढी मोठी गोष्ट! इंटरनेटवर सुरुवातीच्या काळात अशा चुका असलेले मजकूर फिरत होते. २००७ साली सुरू झालेल्या तन्जील या उपक्रमाने पूर्ण कुरआनचा काटेकोर तपासलेला युनिकोड मजकूर तयार केला आणि तो आवृत्ती क्रमांकासह उपलब्ध करून दिला. आज अनेक अ‍ॅप तोच वापरतात. कुरआन डॉट कॉम या संकेतस्थळाचा कोडही गिटहबवर सर्वांसाठी खुला आहे. त्यातील प्रत्येक बदल कोणीही पाहू शकतो, आणि दोष दिसला तर कळवू शकतो.

दहा दिवसांत तयार झालेले हत्यार

गिट कुठून आले ते थोडक्यात. फिनलंडच्या लायनस टोरवाल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतले. जगभरातील हजारो लोक त्यात भर घालू लागले. २००२ पासून ते बदल सांभाळायला बिटकीपर नावाचे एका कंपनीचे साधन वापरत होते, लिनक्ससाठी ते फुकट होते. एप्रिल २००५ मध्ये वाद झाला आणि कंपनीने ती सवलत काढून घेतली. टोरवाल्ड्‌स यांनी ३ एप्रिलला स्वतःचे साधन लिहायला सुरुवात केली. ७ एप्रिलला गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच नोंदवला जाऊ लागला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी ते काम जुनिओ हामानो यांच्या हाती सोपवले. दुसऱ्याच्या मेहेरबानीवर चाललेले काम एका दिवसात अडू शकते, हा धडा तेव्हाचा. हीच गोष्ट गिटहबबाबतही ध्यानात ठेवावी. गिट हे साधन आहे. गिटहब ही २००८ मध्ये सुरू झालेली आणि २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची असलेली एक जागा आहे, जिथे गिटच्या नोंदवह्या ठेवता येतात. दोन्ही एकच समजण्याची गफलत खूप होते. गिटहब उद्या बंद झाले तरी आपल्या लॅपटॉपवरची नोंदवही शाबूत राहते.

खव्याच्या हिशेबावर सराव

आता हात चालवू. भूम तालुका खव्यासाठी ओळखला जातो, तेव्हा उदाहरण तिथलेच घेऊ. समजा, घरची खव्याची भट्टी आहे. सकाळ-संध्याकाळ किती लिटर दूध आले, किती किलो खवा निघाला, कोणाला काय भावाने दिला, एवढा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्राम दोन चुलत बहिणी मिळून लिहीत आहेत. थोरली सोलापूरला शिकते, धाकटी भूमला घरी असते.

धाकटीने लॅपटॉपवर गिट बसवले. विंडोजवर त्यासोबत गिट बॅश नावाची काळी खिडकी येते. सगळे आदेश त्यात इंग्रजी लहान अक्षरांत टंकायचे. इथे ते आपण देवनागरीत वाचू. प्रथम 'गिट कॉन्फिग' या आदेशाने आपले नाव आणि ईमेल सांगायचे. मग हिशेबाच्या फोल्डरमध्ये जाऊन 'गिट इनिट'. यानंतर त्या फोल्डरची नोंदवही उघडते. ती '.गिट' नावाच्या लपलेल्या फोल्डरात असते, त्याला हात लावायचा नाही. ते उडवले की फाइली राहतात, पण सगळा इतिहास जातो.

फाइलमध्ये काही लिहिले की 'गिट स्टेटस' विचारायचे. काय बदलले ते गिट सांगते. इथे मराठी नावाच्या फाइली ठेवणाऱ्यांना एक चमत्कार दिसतो. फाइलचे नाव 'भाव' असेल तर गिट ते न दाखवता तिरक्या रेघा आणि ३४०, २४४ असे आकडे दाखवते. मुलांना वाटते फाइल बिघडली. काही बिघडलेले नसते. इंग्रजीबाहेरची अक्षरे गिट मुळात अशीच आकड्यांत लिहून दाखवते. 'कोअर डॉट कोटपाथ' ही सेटिंग 'फॉल्स' केली की मराठी नावे मराठीत दिसू लागतात. पण मजकूर युनिकोडमध्येच हवा. डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले मराठी गिटमध्ये कचऱ्यासारखे दिसेल. वर्डच्या फाइलीही गिट साठवते, पण त्यातला ओळीओळीचा फरक दाखवू शकत नाही. साधा मजकूर आणि कोड हेच त्याचे खरे क्षेत्र.

यानंतर दोन पायऱ्या: 'गिट अ‍ॅड' आणि 'गिट कमिट'. शिकणाऱ्यांचा इथे हमखास प्रश्न असतो, की दोन कशाला, एकच का नाही? समजा, धाकटीने आज दोन कामे केली. खव्याचा भाव बदलला, आणि बेरजेतली चूक दुरुस्त केली. दोन्हींचे कारण वेगळे, म्हणून नोंदी वेगळ्या हव्यात. 'अ‍ॅड' म्हणजे या नोंदीत काय घालायचे ते बाजूला काढून ठेवणे, 'कमिट' म्हणजे नोंद पक्की करणे. एका कमिटमध्ये एकच काम असले की उद्या ते एकटे मागे घेता येते. 'गिट लॉग' म्हटले की सगळ्या नोंदी, नवी आधी, समोर येतात. 'गिट डिफ' म्हटले की कोणती ओळ गेली आणि कोणती आली ते वजा आणि अधिकच्या खुणेने दिसते. एवढे पाच-सहा आदेश एका दुपारचे काम आहेत, आणि वर्षभर पुरतात.

सोलापूरच्या बहिणीपर्यंत हे पोचवायचे तर मध्ये एक जागा लागते, जिथे दोघी ठेवतील आणि दोघी घेतील. गिटहब, गिटलॅब किंवा कोडबर्ग, कुठेही मोफत खाते निघते. थोरली 'गिट क्लोन' करून पूर्ण नोंदवही उतरवून घेते. धाकटी आपल्या नोंदी 'गिट पुश' ने वर पाठवते, थोरली 'गिट पुल' ने खाली घेते. पहिल्या पुशच्या वेळी गिटहब पासवर्ड नाकारते, आणि इथे पुष्कळ जण हात टेकतात. ऑगस्ट २०२१ पासून तिथे साधा पासवर्ड चालत नाही. खात्याच्या सेटिंगमधून टोकन काढावे लागते आणि पासवर्डच्या जागी ते द्यावे लागते. विंडोजवर आता बहुधा ब्राउझरची खिडकी उघडून हे काम तिथेच होते.

थोरलीला महिनाअखेरचा अहवाल नव्या पद्धतीने करून पाहायचा आहे, पण चालता हिशेब बिघडायला नको. ती फांदी काढते, म्हणजे ब्रँच. फांदीवर हवे तितके प्रयोग करावेत, मूळ खोडाला धक्का लागत नाही. जमले तर 'मर्ज' करून खोडात मिसळावे, नाही जमले तर फांदी छाटावी.

मग एक दिवस भांडण होते. फाइलमध्ये खव्याचा भाव २२० होता. ईद जवळ आली, मागणी वाढली. धाकटीने भूममध्ये २४० केला. थोरलीने सोलापूरच्या बाजारात विचारून त्याच दिवशी त्याच ओळीवर २५० केला. दोघींनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या असत्या तर गिटने आपोआप जोडून दिल्या असत्या. एकाच ओळीवर दोन मते आली की गिट थांबते आणि 'कॉन्फ्लिक्ट' असा शब्द दाखवते. फाइल उघडली की दोन्ही भाव एकाखाली एक दिसतात. वर 'पेक्षा लहान' चे चिन्ह सात वेळा, मध्ये बरोबरचे चिन्ह सात वेळा, शेवटी 'पेक्षा मोठे' चे चिन्ह सात वेळा. नवखी मुले हे पाहून फोल्डरच उडवतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. काहीच मोडलेले नसते. गिट विचारत असते, की तुम्ही दोघींनी ठरवा, मला बाजारभाव माहीत नाही.

"बाजी, तुम्ही अडीचशे लावलात, पण चाचूंनी इथल्या हलवायाला दोनशे चाळीसचा शब्द दिलाय."

"मग त्याला दोनशे चाळीस आणि बाहेरच्यांना अडीचशे. दोन ओळी कर."

फोनवर एवढे बोलणे झाले, धाकटीने त्या सात-सात खुणा काढून दोन ओळी लिहिल्या, अ‍ॅड केले, कमिट केले. कारणात लिहिले: 'गिऱ्हाइकानुसार दोन भाव'. सॉफ्टवेअरच्या मोठमोठ्या कंपन्यांत होणारे कॉन्फ्लिक्ट याच जातीचे असतात आणि बोलूनच सुटतात. बोलणे टाळून दुसऱ्याची ओळ पुसणाऱ्याचे नाव मात्र लॉगमध्ये राहते.

घरात लॅपटॉप नसेल तर

भूमसारख्या गावात पुष्कळ घरांत फोनच असतो, तोही एक आणि सगळ्यांचा. फोनवर पूर्ण काम करणे कठीण आहे. पण ओळख होऊ शकते. अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचे अ‍ॅप घेऊन त्यात गिट बसवता येते, वर सांगितलेले सगळे आदेश त्यात चालतात. तेही नको असेल तर मराठी विकिपीडिया उघडावा, भूमचे पान काढावे आणि त्याचा इतिहास पाहावा. मोबाइलवर पानाच्या तळाशी शेवटच्या बदलाची ओळ असते, तिच्यावर बोट ठेवले की झाले. कोणी, कोणत्या तारखेला, कोणते वाक्य घातले, कोणी काढले, सगळी यादी येते. कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवून फरक पाहता येतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून अशा नोंदींवरच चालला आहे. त्यामागचे साधन गिट नाही, पण डोळ्यांना सवय तीच लागते.

शिकवणी म्हणाल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम आहे. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, समोर पडद्यावर काम दिसते आणि आवाज समजावून सांगतो. थांबवून, स्वतः करून, मग पुढे जायचे. त्यात गिटची मालिका आहे, आणि उपक्रमाचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत केलेले आहेत. भाषेच्या यादीत मराठी निवडून पाहावे. पैसे लागत नाहीत.

महाराष्ट्रात गिटवर चाललेले काम पाहायचे असेल तर मुंबईच्या एक टाइप या संस्थेची पाने पाहावीत. त्यांचा मुक्त हा देवनागरी फाँट आपण अनेक मराठी संकेतस्थळांवर नकळत वाचत असतो. त्याच्या फाइली गिटहबवर खुल्या आहेत, परवाना मुक्त आहे. जोडाक्षर नीट बसत नसेल तर कोणालाही तिथे तक्रार नोंदवता येते. भूमच्या मुलीचा पहिला हातभार असाही असू शकतो. कोड लिहायलाच हवा असे नाही. कितीतरी खुल्या प्रकल्पांत मराठी भाषांतराच्या फाइली अर्धवट पडून असतात आणि चांगले मराठी लिहिणारा मिळत नाही. आपल्या प्रतीत दुरुस्ती करून मूळ मालकाला 'ही घ्या' अशी विनंती पाठवतात, तिला पुल रिक्वेस्ट म्हणतात. कधी तासात उत्तर येते, कधी महिनाभर येत नाही, कधी नकार येतो. नकारासोबत कारण असते, आणि ते वाचण्यासारखे असते.

घरच्यांची काळजी

मुलगी इंटरनेटवर नावानिशी काम ठेवणार म्हटले की अम्मी-अब्बांना काळजी वाटते, आणि ती अनाठायी नाही. फोटो लावण्याची सक्ती कुठेच नाही. फोन नंबर, गाव, घराचा पत्ता लिहिण्याची गरज नाही. ईमेल मात्र प्रत्येक कमिटमध्ये कायमचा नोंदला जातो आणि खुल्या प्रकल्पात तो कोणीही वाचू शकतो. गिटहब यासाठी एक झाकलेला ईमेल देते. खात्याच्या सेटिंगमध्ये तो घेऊन 'गिट कॉन्फिग' मध्ये पहिल्याच दिवशी घालावा, नंतर घातला तर जुन्या नोंदींत खरा ईमेल तसाच राहतो. खात्याला दुहेरी पडताळणी लावावी. आणि जे घरचे आहे, उदाहरणार्थ वरचा खव्याचा हिशेब, ते खासगी ठेवावे. खासगी जागाही मोफत मिळते.

गिऱ्हाइकांची नावे, उधारी, आधार क्रमांक, बँकेचे तपशील हे खुल्या नोंदवहीत कधीही जाता कामा नयेत. ही लोकांची अमानत आहे. पासवर्डचेही तसेच. चुकून एखाद्या फाइलमध्ये पासवर्ड गेला आणि पुश झाला, तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढून भागत नाही. मागच्या नोंदीत ती दिसतच राहते. खुल्या कोडमधले पासवर्ड हुडकणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात. अशा वेळी आधी तो पासवर्ड बदलायचा, साफसफाई नंतर. मुळातच ज्या फाइली नोंदवायच्या नाहीत त्यांची नावे '.गिटइग्नोर' या फाइलमध्ये लिहून ठेवली की गिट त्यांच्याकडे पाहत नाही.

अलीकडे एक वाईट खोड पसरली आहे. गिटहबवर ज्या दिवशी काम झाले त्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो. तो हिरवा दिसावा म्हणून काही मुले रोज एक टिंब घालून कमिट करतात, तर काही दुसऱ्याचा पूर्ण प्रकल्प उचलून, नाव बदलून आपला म्हणून टाकतात. मुलाखत घेणारा जाणकार असेल तर तो हिरवे चौकोन मोजत बसत नाही. तो एक कमिट उघडतो आणि विचारतो, ही ओळ का बदललीस? जिने खरोखर बदलली ती सांगते. दुसऱ्याचा खुला कोड वापरायला मनाई नाही, परवान्यात अट असते ती पाळायची. बहुतेक परवान्यांची पहिली अट मूळ लेखकाचे नाव राखण्याचीच असते.

अभ्यासक्रमाच्या पुस्तकात पुढे रिबेस, चेरी-पिक, सबमॉड्यूल असे शब्द येतील. पहिल्या वर्षी ते बाजूला ठेवले तरी चालतात. रिबेस तर इतिहास नव्याने लिहिते, म्हणून दुसऱ्यांनी उतरवून घेतलेल्या फांदीवर ते करायचेच नाही. कॉलेजचा पुढचा प्रोजेक्ट चौघांत मिळाला की पहिल्या दिवशी नोंदवही उघडावी, चौघांनीही आपापल्या नावाने 'गिट कॉन्फिग' करावे आणि पेन ड्राइव्ह कपाटात ठेवून द्यावा. परीक्षेला जाताना लॉग छापून सोबत न्यावा. एका ओळीत एक कमिट दाखवणारा 'गिट लॉग वनलाइन' चार महिन्यांच्या कामासाठी चार-पाच पानांत मावतो. त्यात नावेही यावीत म्हणून 'गिट शॉर्टलॉग' चे एक पान वर जोडावे, कारण वनलाइनमध्ये नावे येत नाहीत.